माळ्यावरची ठासणी: कोकणातल्या जुन्या बंदुकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर उतरवायला काढलं, कौलं खाली आली, आणि माळ्यावर भाताच्या कणगीमागे गोणपाटात गुंडाळलेली बंदूक सापडली. असे निरोप मला वर्षातून आठ-दहा तरी येतात, बहुतेक मे महिन्यात, चाकरमानी गावी आले की. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी वकील नाही की बंदूक दुरुस्त करणारा कारागीरही नाही. आमच्या घरी तीन पिढ्या परवान्याची ठासणी, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, होती आणि तिच्यापायी जुन्या हत्यारांवरच्या मुद्रा वाचायचं वेड लागलं, एवढंच.

बंदूक सापडली. पहिल्यांदा काय करू?

ती भरलेली आहे असं समजा. हे घाबरवायला सांगत नाही. कोकणात ठासणीची बंदूक भरून ठेवायची पद्धतच होती. रात्री रानडुक्कर नाचणीत शिरलं तर दारू, बोळा, छर्रे भरत बसायला वेळ कुठला? त्यामुळे बार भरायचा, तो पेटवणारी तांब्याची छोटी टोपी काढून ठेवायची आणि बंदूक खुंटीला लावायची. मग माणूस गेला, बंदूक माळ्यावर गेली आणि आतला बार तसाच राहिला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. आमच्या आजीला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण आम्ही पोरं जवळ गेलो की ओरडायची, "तेका हात लावू नको, भरलेली आसा!" आजोबा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पुढे परवानाधारक कारागिराने तपासली तेव्हा खरंच भरलेली निघाली.

कारागीर कसं तपासतो ते सांगतो, म्हणजे त्याने काय केलं हे तुम्हाला समजेल. गज नळीत शेवटपर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. खूण आणि निप्पलची (टोपी बसवायच्या बोंडाची) जागा यांत चार-पाच बोटांचं अंतर राहिलं, तर तळाशी काहीतरी बसलंय. हे घरी करून बघू नका. घोडा ओढू नका, निप्पलवर ठोकू नका, बार 'काढायला' नळीत स्क्रू घालू नका, विस्तवाजवळ नेऊ नका. बंदूक आहे तिथेच ठेवा, तोंड भिंतीकडे राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा. सोबत दारूचा डबा, टोप्यांची डबी किंवा जुनी काडतुसं सापडली असतील, तर तीही न उघडता दाखवा. टोप्यांमधला मसाला घर्षणाने उडतो. डबी हलवून "आत किती आहेत" बघणारे महाभाग मी पाहिलेत.

परवाना कोणाच्या नावावर होता तेच माहीत नाही. घरात ठेवली तर चालेल?

नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, ज्याच्याकडे शस्त्र ठेवणं बेकायदा झालं आहे (परवानाधारकाचा मृत्यू, मुदत संपणं, काहीही कारण असो), त्याने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. जमा केलं म्हणजे हक्क गेला असं नाही. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांना परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. मूळ परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे राहिली, तर तो वारसाच्या नावे मागणी करू शकतो. हे बऱ्याच म्हाताऱ्यांना ठाऊक नसतं. ते शेवटपर्यंत परवाना स्वतःच्या नावावर ठेवतात आणि मागे राहिलेल्यांची धावपळ होते.

जुना कागद शोधा. आमच्याकडे तो देवघरातल्या पोथीत निघाला. कुणाचा सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात असतो, कुणाचा ट्रंकेत. बंदुकीपेक्षा तो कागद महत्त्वाचा आहे, कारण त्यावर बंदुकीचं वर्णन, नंबर आणि देणारा अधिकारी लिहिलेला असतो. हल्ली परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला ओळख क्रमांकही लागतो, त्याला यूआयएन म्हणतात. जुन्या हातलिखित परवान्यावर तो नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

माहीत असूनही दडवून ठेवली तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. आजोबांच्या आठवणीखातर एवढी किंमत मोजू नये.

पण ती 'अँटिक' आहे! अँटिकला परवाना लागत नाही ना?

या एका वाक्याने जेवढे लोक अडचणीत आले तेवढे दुसऱ्या कशाने आले नसतील. कायद्यात सूट आहे, कलम ४५ मध्ये. पण ती जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या अशा हत्याराला आहे, जे दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. शेवटचा भाग लोक वाचतच नाहीत. तुमची ठासणी गंजली, घोडा तुटला, दस्ता वाळवीने खाल्ला, तरी कारागिराने चार दिवसांत ती वाजती केली तर सूट कुठली? आणि ती वाजणारच नाही हे ठरवणारे तुम्ही-आम्ही नाही. लेखी मिळाल्याशिवाय 'शो-पीस' म्हणून दिवाणखान्यात टांगू नका.

सुटे भागही शस्त्रांच्या व्याख्येत येतात. जुन्या बाजारात 'फक्त चाप-घोड्याचा साचा' किंवा 'नुसती नळी' विकायला आली तरी तीच काळजी घ्या. आणि शंभर वर्षं झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, म्हणजे ती परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येत नाही.

कोडगूमध्ये (कर्नाटकातल्या कूर्गमध्ये) परवाना लागत नाही म्हणे. मग आम्हाला का?

कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेने आलेल्या) जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, ती अलीकडे २०२९ पर्यंत वाढवली. ती कोडगूपुरती. सावंतवाडी संस्थानात पूर्वी काय चालायचं याचा आज उपयोग नाही.

माझी बंदूक किती जुनी आहे हे कसं ओळखायचं?

आधी बघा, बार पेटवायची सोय कोणती आहे.

तोड्याची बंदूक असेल तर चापाबरोबर एक सापासारखी वाकडी पट्टी पुढे झुकते. तिच्यात जळता तोडा, म्हणजे जामगीची दोरी, धरलेली असते. नळीच्या उजव्या बाजूला रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, ठेवायची छोटी वाटी असते आणि कान्यातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आग आत जाते. हिंदुस्थानी तोडेदारांत ही पट्टी दस्त्यातल्याच खाचेतून वर येते, ही मोठी खूण. नळी लांब, कधी माणसाच्या खांद्याएवढी. किनाऱ्यावर हा प्रकार पोर्तुगीजांच्या पायी रुजला. १५१० ला गोवा त्यांच्याकडे गेल्यावर तिथे बंदुका बनवण्याचं काम सुरू झालं. १५४३ ला पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली, तिचं घराणं गोवा-मलाक्का बाजूच्या बंदुकांशी लागतं असं अभ्यासक मानतात. म्हणजे जपानी सामुराईच्या हातातली बंदूक एका अर्थी आपली मावसबहीण. हे सांगितलं की गावातले लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा आणि समोर पोलादी पट्टी असते. कोकणात ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकी कधीकधी दिसतात. कंपनीच्या शिपायांकडे असायची ती पाऊण इंची तोंडाची, ३९ इंची नळीची 'इंडिया पॅटर्न' बंदूक. तिच्यावर कंपनीची मुद्रा शोधा. सुरुवातीला चार भागांचं हृदय आणि त्यात कंपनीची अक्षरं, साधारण १८०८ नंतर मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह.

टोपीची बंदूक, म्हणजे आपण सर्रास 'ठासणी' म्हणतो ती. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला बदकं मारताना चकमकीचा धूर दिसून पक्षी उडून जातात याचा वैताग होता. त्याने आपटल्यावर उडणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली, पेटंट १८०७ चं. तांब्याची टोपी त्यानंतर १८२० च्या आसपास आली. पुढे लाखो जुन्या चकमकी टोपीच्या करून घेतल्या गेल्या. चाप-घोड्याच्या साच्याच्या पट्टीवर बुजवलेली जास्तीची भोकं दिसली, तर तुमची बंदूक जन्माने चकमकी आणि मागाहून टोपीची झालेली. मला हे बघण्यात सगळ्यात मजा येते. एका बंदुकीत तीन भोकं बुजवलेली, एक वाकडं. ते वाकडं कुणी गावच्या लोहाराने केलं असणार.

मागून भरायची असेल तर काळ १८६० च्या पुढचा. स्नायडर रायफल १८६६ ला आली, मार्टिनी-हेन्री १८७१ ला. मार्टिनीला खाली तरफ असते, ती ओढली की नळीचं मागचं तोंड उघडतं.

नळीवर 'टॉवर' लिहिलंय आणि मुकुट आहे. म्हणजे लंडनची का?

असेलही, पण आधी अक्षरं नीट वाचा. लंडनच्या टॉवरमध्ये सरकारी शस्त्रागार होतं, तिथली मुद्रा विश्वासाची समजली जायची, म्हणून नकलाही भरपूर झाल्या. अक्षर उलटं कोरलेलं, मुकुट मुलाने काढल्यासारखा, तारीख आणि घडण यांचा मेळ नाही, असं दिसलं तर ती हिंदुस्थानात किंवा सरहद्दीवर कुणी लिहिता-वाचता न येणाऱ्या पण हाताने तरबेज कारागिराने केलेली. त्या कारागिराला मी कमी लेखत नाही. नक्कल करताना नळी मात्र त्याने खरी केली.

'मँटन, कलकत्ता' असं नाव आहे, हा बनवणारा का?

बहुतेक वेळा विकणारा. कलकत्ता-मुंबईच्या दुकानदारांनी इंग्लंडमध्ये, बव्हंशी बर्मिंगहॅमला, बंदुका करवून घेऊन त्यावर स्वतःचं नाव घातलं. बनवणारा शोधायचा तर नळी दस्त्यातून काढल्यावर तिच्या पोटाखालचे शिक्के बघायचे, आणि नळी काढायचं काम कारागिराचं. बर्मिंगहॅमचं तपासणीगृह १८१३ चं. तिथे नळीत जास्त दारू भरून ती फुटते का बघत आणि मगच शिक्का मारत. मुकुटाखाली 'बीपी' ही रोमन अक्षरं बर्मिंगहॅमची. अंडाकृती चौकटीत 'ईएलजी' असेल तर बेल्जियमच्या लिएजची. चौकटीवर मुकुट असेल तर १८९३ किंवा नंतरची, मुकुट नसून खाली तारा असेल तर आधीची. स्वस्त दुनळी बंदुका लिएजहून खूप यायच्या, त्यामुळे 'आमची इंग्लिश आहे' म्हणणाऱ्या निम्म्या घरांची बेल्जियन निघते. हे सांगताना मी चहा संपवून मगच सांगतो.

'नॉट फॉर बॉल' असा शिक्का असेल तर तुमच्याकडे तारखेची सोन्याची खूण आहे. १८७५ ते १८८७ या काळात तोंडाशी आवळलेल्या नळ्यांवर तो मारत. अर्थ साधा: अखंड गोळी घालू नका, छर्रेच घाला.

'बारा बोअर' म्हणजे बारा मिलिमीटर का?

नाही. एक पौंड शिशाच्या, नळीत बरोबर बसतील अशा बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा व्यास तो बारा बोअर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की तोंड लहान होतं. ठासणीच्या देशी नळ्या कुठल्याच आकड्यात नेमक्या बसत नाहीत. माप घ्यायचं तर कॅलिपरने तोंडाशी घ्या, पण गजाच्या घासण्याने तोंड मोठं झालेलं असतं हे लक्षात ठेवा.

.३०३ ची आहे असं काका म्हणतात.

काकांना नीट बघायला सांगा. .३०३ हे लष्करी माप, सामान्य माणसाला बंद. म्हणून तर नागरी रायफल .३१५ ची आली. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात जुन्या .३०३ रायफलींपासून .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्कटही केल्या गेल्या. वरून त्या रायफलच दिसतात, आतून नळीत आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, नसतात. कुठलीही असो, परवान्यावरचं वर्णन आणि हातातली वस्तू जुळत नसेल, तर गप्प बसू नका.

जुन्या बंदुकीसाठी काडतुसं घरी भरता येतील का?

परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहून हा प्रश्न येतो. उत्तर सरळ आहे: परवान्याशिवाय नाही. दारूगोळा बनवणं हे 'उत्पादन' आहे आणि २०१९ नंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. घरी दारू बनवण्याला स्फोटकांचा कायदा वेगळा लागतो. त्यामुळे कुठली दारू किती, हे मी सांगत नाही आणि विचारलं तरी सांगणार नाही.

पण ते लोक एवढी खटपट का करतात हे समजून घेतलं तर जुनी बंदूक का वाजवू नये हेही कळतं. मार्टिनी-हेन्रीचं मानेकडे निमुळतं काडतूस बाजारात सहज मिळत नाही, म्हणून छंदी मंडळी २४ गेजच्या पितळी नळकांड्या साच्यात दाबून ते घडवतात. हौस म्हणून ठीक. धोका दारूत आहे. जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी बनवलेल्या. काळी दारू भसकन पेटते आणि तिचा दाब ठरावीक मर्यादेत राहतो. नंतरची बिनधुराची नायट्रो दारू तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त दाब तयार करते. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये 'नायट्रो प्रूफ' असा वेगळा शिक्का मारू लागले, तो याच कारणाने. त्यातही ज्या नळीवर लाकडाच्या शिरांसारखी नक्षी दिसते, त्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, सांधून केलेल्या. सांध्यात शंभर वर्षं गंज शिरला की बाहेरून नळी लखलखीत आणि आतून कुजलेली. जुन्या दुनळीत दुकानातलं आजचं काडतूस 'बसतं' म्हणून घालणारा माणूस डाव्या हाताची बोटं पणाला लावतो, कारण नळी बहुधा तिथेच, हाताखाली फुटते.

शेतीसाठी ठासणीचा परवाना अजून मिळतो का?

कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख थेट आहे, कलम १३ मध्ये. ठासणी पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देऊ शकतो. पण परवाना बंदुकीचा, जनावर मारण्याचा नव्हे. रानडुक्कर असो की केल्डं (माकड), १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन विभागाची परवानगी वेगळी लागते. आणि एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोन बंदुका, आधी तीन चालत. वारसाने आलेलीही त्यातच मोजतात.

निवडणूक आली की 'बंदुका जमा करा' अशी नोटीस येते आणि ऐन काजू-आंब्याच्या हंगामात येते, हे दुखणं जुनं. छाननी समिती कोणाची जमा करायची हे ठरवते. पिकाचं कारण अर्जात लेखी द्या, तोंडी नको.

एअरगन?

४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त जोर असेल तर परवाना लागतो. त्याहून कमी असली तरी पक्षी मारायला ती नाहीच.

बंदूक नको, पण तिच्या आसपासच्या वस्तू जमवू का?

जमवा. माझा संग्रह तसाच आहे: गज, गोळ्या पाडायचे पितळी साचे, छर्ऱ्यांची चामडी पिशवी. एक सावधगिरी मात्र हवी. दारू ठेवायची जुनी शिंगं सुंदर असतात, पण सांबर-चितळाचं शिंग किंवा हस्तिदंत असेल तर वन्यजीव कायदा आडवा येतो. अशा वस्तू २००३ च्या नियमांखाली जाहीर करायची मुदत होती, ती कधीच संपली. म्हशीच्या शिंगाचं किंवा पितळेचं घ्या, आणि काय आहे हे कळत नसेल तर घेऊच नका.

तोफगोळ्यांचं विचारणारे खूप. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, कुलाबा हे संरक्षित किल्ले आहेत. तिथून गोळा काय, खडाही उचलू नका. स्वतःच्या बागेत खणताना मिळाला तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची जमिनीत दडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्याला कळवावी लागते. दहा रुपये, हो. कायद्याची मर्यादा अजून तीच आहे. आणि पोकळ गोळा असेल तर आत दारू असू शकते.

तोफा बघायच्या असतील तर अलिबागला ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात जा. गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. मुद्रा वाचायची पहिली शिकवणी म्हणून मी पोरांना तिथेच नेतो. लोखंड वाचता येतं हे त्यांना पटतं. जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेपुढे सगळे फोटो काढतात, ही बिचारी दोन भावंडं एकटी उभी असतात.

परवाना झाला. आता गंजापासून कशी वाचवू? आमच्याकडे समुद्र दोनशे पावलांवर आहे.

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे लोखंडाचा कोकणाइतका वैरी दुसरा नाही. चार चुका बघितल्या आहेत.

खोबरेल लावणं. घरात असतं म्हणून लावतात. ते थंडीत थिजतं, पुढे खवट होतं आणि पितळेवर हिरवं आणतं. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल बरं, अगदी कमी लावून पुसून घ्यायचं.

आमसुलाच्या पाण्याने किंवा चिंचेने चकचकीत करणं. समया घासतात तशी एका सुनेने सासऱ्यांच्या बंदुकीची पितळी पट्टी आणि नळी दोन्ही घासली. पट्टी सोन्यासारखी झाली. नळीवरची तपकिरी झाक गेली, शिक्का निम्मा गेला, आणि आम्लाने आठवड्यात नवा गंज आला. तिचा हेतू चांगला होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

पॉलिश पेपर. शिक्के एकदा गेले की बंदुकीचं वय आणि गाव दोन्ही गेलं.

चामड्याच्या किंवा जाड कापडी खोळीत वर्षभर बंद ठेवणं. खोळ ओल धरते. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बाहेर काढून कोरड्या सुती कापडाने पुसा, हाताचा घाम लागलेली जागा विशेष. दस्त्याला वाळवी लागली असेल तर लोखंडावर औषध उडू न देता लाकडाचाच उपचार करा.

ओळखण्यासाठी फोटो कसे पाठवू?

आधी परवाना, मग फोटो. पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी, मग साच्याची पट्टी जवळून, मग नळीचं बूड आणि प्रत्येक शिक्का. शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. फ्लॅश नको. सकाळी पडवीत तिरपं ऊन येतं तेव्हा काढा, उथळ अक्षरं सावलीने उठून दिसतात. तरी वाचता आलं नाही तर पाटीवरचा पांढरा खडू बोटाने हलकाच चोळा, खाचा भरतात आणि मुद्रा दिसते. फोटो झाला की कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं नको, थुंकी तर मुळीच नको. परवान्याचा क्रमांक आणि स्वतःचा पत्ता फोटोत येऊ देऊ नका. घरात बंदूक आहे हे गावाला माहीत असलं तरी इंटरनेटला सांगायची गरज नाही.